ऑप्शनलची वाटी

"तिची वाटी मीच टाकून देतो. तिले नाही जमत बाहेर."

आई हे आमच्या टूरच्या आचारीमामांना सांगत होती. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर चहाचा कागदी कप धरून उभी होते. आईला वाटत होतं, मी अजून वर केस विंचरते आहे. जयपूरच्या एका जुन्या धर्मशाळेचं अंगण, जानेवारी महिना, सकाळचे सात. आईने पिशवीतून एक वाटी तांदूळ काढला आणि मामांसमोरच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, ओतला. मग दुसरी वाटी काढून तीही ओतली. पहिली वाटी तिची होती. दुसरी माझी.

मला त्या वेळी वाईट वगैरे काही वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं झालं. चहा तिथेच संपवून मी पुन्हा वर गेले.

या वाट्यांचं आधी नीट सांगायला हवं.

आमच्याकडे, गोंदियाच्या बाजूला, धान विकून झाला की एक बस दरवर्षी कुठल्या तरी जुन्या शहराकडे निघते. चाळीस माणसं, एक मॅनेजर, एक ड्रायव्हर, एक आचारी. टूर स्वस्त असते, कारण तांदूळ आपल्या घरचा न्यायचा असतो, माणशी पाच किलो. राहणं धर्मशाळेत, जेवण आचारीमामांच्या हातचं. शहरातलं जे बसच्या खिडकीतून दिसतं किंवा ज्याला फारसं तिकीट नाही, ते दाखवणं टूरमध्ये आलं. बाकी सगळं ऑप्शनल. हा शब्द आमच्या बसमध्ये दोन दिवसांत इतका रुळला की ते एखादं ठिकाण आहे असं लोक बोलायला लागले. "ऑप्शनलले किती वाजता जाचं हाय?" असं एक आजी मला फार मनापासून विचारायच्या.

त्या वर्षी खरं तर आई आणि बाबा जाणार होते. पण निघायच्या आठवड्यात बाबा म्हणाले, "दुकान बंद ठेवून काय किल्ले पाहू? हिला ने. जरा माणसांत मिसळेल." मी घरूनच काम करते. कंपनीकडून फोटो येतात, त्यातल्या वस्तूंभोवती चौकटी आखायच्या आणि नाव द्यायचं. दार, खिडकी, माणूस, बकरी. आई लोकांना सांगते, "ते कंप्युटरवर फोटो पाहते, त्याचे पैसे भेटतात." एवढं सांगितलं की पुढे कोणी काही विचारत नाही. कुडव्याच्या आमच्या घरात माझी खोली वरची आहे, आणि आठ-आठ दिवस माझं खाली कोणाशी काही काम पडत नाही.

बसमध्ये अर्धी माणसं दवनीवाड्याची होती, म्हणजे आईच्या माहेरची. त्यामुळे मला अर्धी बस मामा आणि मामी होती. आचारीमामाही तिथलेच. दहा-बारा जण गोंदियाच्या बाजारातले दुकानदार आणि त्यांच्या घरचे, ते आपसांत हिंदीच बोलत. उरलेले कोहमाऱ्याला चढले. तिथल्या ढाब्यावर चहाला थांबलो तेव्हा मॅनेजर प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून उभा राहिला.

"देखो, ऑप्शनल का सिस्टम समझ लो," तो म्हणाला. "जो जाएगा, वो खाना बाहर खाएगा. जो रुकेगा, वो मामा के हाथ का खाएगा. तो जो रुकेगा, वो पहले से गंज में एक वाटी चावल डाल देगा. जो जाएगा, वो नहीं डालेगा. मामा वाटी गिनेंगे. आधे से ज्यादा लोग जाने वाले हुए तो गाड़ी निकलेगी, नहीं तो खड़ी रहेगी. हाथ ऊपर, हाथ नीचे, ये लफड़ा नहीं चाहिए मेरे को. पिछले साल बहुत झगड़ा हुआ."

"अन् मी दोन वाट्यांचा भात खातो तं?" एका म्हाताऱ्या मामांनी विचारलं.

"मंग तुम्ही दोनदा राहा," मागून कोणी तरी म्हणालं, आणि ढाब्यावरचे ट्रकवालेही हसले.

मला ही पद्धत फार आवडली. हात वर करायचा नाही, बोलायचं तर नाहीच. वाटी टाकली तर राहिलो, नाही टाकली तर गेलो. माझी बोलण्याची अडचण अशी आहे की वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं. शाळेची सवय. मग समोरचा गोंदियाचा असेल तर ते हिंदीत करायचं, घरचा असेल तर मराठीत, आणि आईकडचा असेल तर आईकडच्या बोलीत, जिच्यात बायकाही 'जातो', 'करतो' म्हणतात आणि जी मला सगळी समजते पण माझ्या तोंडी नकली वाटते. एवढं होईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. म्हणून मी हसते.

तर पहिल्या सकाळचं ऑप्शनल होतं जीपने किल्ल्याच्या माथ्यापर्यंत. एका जीपमध्ये दहा जण, गुडघ्याला गुडघा लावून. मला नकोच होतं. आईने माझी वाटी टाकली ते बरंच झालं.

पण मॅनेजरने दिलेल्या कागदावर सगळ्यात शेवटी, तिसऱ्या दिवशीचं एक ऑप्शनल होतं. शहरापासून दोन तासांवरची एक जुनी बावडी. पायऱ्यांची विहीर. ते मात्र मला हवं होतं.

कारण सांगायचं तर साधंच आहे. कामात मला एकदा त्याच विहिरीचा फोटो आला होता, आणि सूचना होती की प्रत्येक पायरीभोवती चौकट आखा. मी आखायला बसले. डावीकडे उतरणाऱ्या, उजवीकडे उतरणाऱ्या, त्रिकोणात त्रिकोण. दीडशे झाल्या, दोनशे झाल्या. जेवायची हाक आली, जेवून आले, परत आखल्या. शेवटी वरून निरोप आला की हा फोटो सोडून द्या, याला फार वेळ लागतो. मी सोडला. पण फोनवर तोच वॉलपेपर लावून टाकला. दोन वर्षं तो तिथेच होता. आईला तो लोकरीच्या विणकामाचा नमुना वाटायचा. "याले लोकर किती लागल?" असं तिने मला एकदा विचारलं होतं. मी तिला कधी सांगितलं नाही की ती विहीर आहे. का नाही सांगितलं, ते मलाही सांगता येणार नाही. माझं बरंचसं असंच राहून जातं.

किल्ल्याच्या दिवशी दुपारी मी वरच्या खोलीत पडून होते. गाद्या ओळीने, सतरंज्या, दोऱ्यांवर वाळणारे टॉवेल. बहुतेक सगळे किल्ल्यावर. मला राहून राहून वाटत होतं की आई माझ्यामुळे अडकली. एवढ्या लांब आली आणि पोरीपायी धर्मशाळेत बसली. तिला सॉरी म्हणायचं असं मी ठरवलं, वाक्यही तयार केलं. मग पाण्याची बाटली घेऊन खाली निघाले.

जिन्याच्या वळणावरच आईचा आवाज ऐकू आला. आई हसत होती. तिचं घरचं हसू मला माहीत आहे, पदर तोंडाला लावून हसते ती. हे तसं नव्हतं.

"अन् मास्तर म्हणे, माझी सायकल कुठं हाय? आम्ही चुपचाप! सायकल बोडीत. नुसतं हँडल दिसे वरतं, अन् त्याच्यावर बसला बगळा!"

मी वाकून पाहिलं. अंगणात उन्हाला मोठी ताडपत्री टाकली होती. तिच्यावर मटारचा ढीग. त्याभोवती चार मामी आणि माझी आई. आचारीमामा मोठ्या झाऱ्याने काही तरी परतत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. माझ्या आईने मास्तरांची सायकल गावातल्या तळ्यात ढकलली होती, ही गोष्ट मला तेवीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती.

"तूच ढकलली होती न वो?" एक मामी म्हणाली.

"मी कायले ढकलू? ते आपल्या मनानं गेली. उतारच होता तिथं."

पुन्हा हसणं. मामा म्हणाले, "ताई, मीठ पाहा न एकदा." आईने बसल्या बसल्या हात पुढे केला, चाटून पाहिलं आणि म्हणाली, "टाक अजून. ते कमी मिठाचे लोक किल्ल्यावर गेले, घाबरू नको." आमच्या घरी आई स्वयंपाक करते, पण मिठाबद्दल असं हुकमी बोलायला तिला कोणी मिळत नाही. बाबा आणि मी मुकाट्याने जेवणारी माणसं.

मग त्याच मामीने विचारलं, "पण काऊन वो, तू काऊन नाही गेली किल्ल्यावर? आमचे तं पाय नाही चालत. तुले काय धाड भरली?"

मी बाटली घट्ट धरली.

"जाचं तं होतं," आई म्हणाली. एक शेंग तिने फोडली, दाणे सरळ तोंडात टाकले. "पण पोट्टी नाही जात न. तिले एकटीले टाकून कशी जाऊ?"

"हाव बापा. पोरीच्या मागं मायचं असंच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनेही डोलावली. तिने निःश्वास सोडला तोही ऐकू आला, आणि तो इतका सुखाचा होता की मी पाणी न घेताच वर गेले.

वर जाऊन गादीवर पडले. जी बाई पैसे भरून जयपूरला येते आणि आपल्या मर्जीने मटार सोलत बसते, तिला दवनीवाड्यात वेडी म्हणतील आणि कुडव्यातही. पण जिची मुलगी बुजरी आहे तिला कोणी काही म्हणत नाही. मी आईची अडचण नव्हतेच. मी तिची सबब होते. थोडा राग आला, थोडी गंमत वाटली. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त त्या बगळ्याचंच हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी वाट्यांचा प्रश्न नव्हता, सगळी बस शहर पाहायला गेली. गुलाबी भिंती, खिडक्याच खिडक्या. आम्ही खिडक्यांतून खिडक्या पाहिल्या. बाजारात दोन तास मोकळे मिळाले. गोंदियाच्या काकूंनी रजया घेतल्या, मामींनी लाखेच्या बांगड्या. आईने सांबार घेतला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. जयपूरच्या ऐतिहासिक बाजारातून माझ्या आईने कोथिंबिरीच्या दहा गलेलठ्ठ जुड्या घेतल्या आणि त्या माझ्या ओढणीत बांधून बसमध्ये मांडीवर घेऊन बसली.

"उद्या शेवटचा दिवस हाय," ती मला म्हणाली. "दुपारच्याले सांबारवडी करतो. मामा म्हणे, ताई, तुमच्या हातची खाऊन वीस वर्सं झाले. वास पाहा कसा हाय." मी वास घेतला. वास खरंच छान होता. उद्या म्हणजे बावडीचा दिवस होता.

त्या संध्याकाळी जे झालं, ते आमच्याच बसमध्ये होऊ शकतं.

संध्याकाळचं ऑप्शनल होतं गावजेवण. शहराबाहेर एक बनवलेलं खेडं, तिथे कठपुतळ्या, नाच, उंट आणि खाली बसून थाळी. सगळ्यांना जायचं होतं. चार वाजता मामा गंज घेऊन अंगणात बसले आणि मॅनेजर चहा प्यायला गेला. मी पहिल्या मजल्याच्या कठड्याशी उभी होते, म्हणून सगळं दिसलं. आधी आईने आमच्या दोन वाट्या टाकल्या. मग दवनीवाड्याच्या एका मामांनी विचारलं, "त्या थाळीत भात राहते का?"

"बाटी राहते. चुरमा राहते," आचारीमामा म्हणाले.

"अन् भात?"

"भाताचं काही बोलला नाही मॅनेजर."

विचारणाऱ्या मामांनी पिशवीची गाठ सोडली. मग एक वाटी काढून त्यांनी गंजात टाकली. "ठेवजो मंग. येऊन खाऊ."

त्यांच्या मागच्याने टाकली. त्याच्या मागच्या मामीने टाकली. कोहमाऱ्याच्या लोकांनी टाकली. बाटीने पोट भरत नाही आणि भाताशिवाय झोप येत नाही, यावर त्या अंगणात कोणाचं दुमत नव्हतं. गोंदियाचे काकाही पाहत होते. "अपने लिए भी डाल दो, रात को काम आएगा," असं म्हणत त्यांनीही टाकली. गंज शिगोशीग भरला.

मॅनेजरने येऊन गंज पाहिला. "चालीस के चालीस?" मामांनी मान हलवली. मॅनेजरला बिचाऱ्याला वाटलं, कोणालाच जायचं नाही. त्याने फोन करून जागा रद्द केल्या, ड्रायव्हरला सुट्टी दिली आणि स्वतः पाय चेपून घ्यायला कुठे तरी गेला.

साडेपाचला अडतीस माणसं ठेवणीतले कपडे घालून दारात बसपाशी उभी. मामींच्या हातात नव्या बांगड्या, एका काकांच्या डोक्यावर नवा कोरा फेटा. बस बंद. ड्रायव्हर दाढी करायला गेलेला. मॅनेजर धावत आला.

"अरे, सबने तो वाटी डाली!"

"टाकली न."

"मतलब रुकना है!"

"रुकणं कायले? जाणं हाय. येऊन खाऊ म्हणून टाकली."

"वहाँ खाना है ना मामाजी! पूरी थाली है!"

"ते थाळी हाय. जेवण वेगळं."

मॅनेजरने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. अर्धा तास नुसता गोंधळ चालला. ड्रायव्हर एका गालाला फेस लावलेला तसाच आला. फोनवर फोन झाले, शेवटी जागा परत मिळाल्या, आणि बस गेली. आई आणि मी वरून पाहत होतो. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. परत आल्यावर सगळ्यांनी पोटभर भात खाल्ला हे सांगायलाच नको.

पण त्यामुळे नियम बदलला. जेवता जेवता मॅनेजरने जाहीर केलं, "कल से वाटी का भरोसा नहीं. कल सुबह एक-एक आदमी मुँह से बोलेगा. जाना है या रुकना है. सबके सामने. ज़ोर से."

माझा घास तोंडातच राहिला.

झोपायच्या आधी मी आईला सांगून पाहिलं. म्हटलं, "आई, उद्या..."

"हाव, उद्या लवकर उठजो," आई म्हणाली. ती ओल्या फडक्यात सांबार गुंडाळत होती. "बेसन कालवाचं हाय, मसाला कराचा हाय. तू निवडू लागशील न?"

"हं," मी म्हटलं.

मी पडल्या पडल्या सगळं मांडून पाहिलं. मी जाते म्हटलं तर आई राहूच शकणार नाही. मुलीसाठी राहणारी आई मुलगी निघाल्यावर कोणत्या तोंडाने राहील? ती बसमध्ये माझ्याशेजारी बसेल, बावडीच्या काठावर उभी राहून "छान हाय" म्हणेल, आणि इकडे फडक्यात दहा जुड्या सुकतील. मामांना वीस वर्षांनी मिळणारी वडी राहील. आणि मी जाते म्हटलं नाही, तर दोन तासांवर ती विहीर असताना मी वरच्या खोलीत पडून फोनवर तिचा फोटो पाहीन. मग परत कुडव्याला, वरच्या खोलीत. मला जायचं होतं. आणि आईने राहावं असंही मला वाटत होतं. या दोन्हींचं मिळून एक वाक्य कुठल्याच भाषेत होईना.

सकाळी आई माझ्या आधी खाली निघाली. एका खांद्यावर तांदळाची पिशवी, दुसऱ्या काखेत सांबाराचं बोचकं, आणि तिन्ही मजल्यांच्या त्या उभ्या पायऱ्या ती एखाद्या पोरीसारखी धडाधड उतरली. मी मागे राहिले.

अंगणात सगळे जमले होते. मामा गंज घेऊन बसलेले, मॅनेजर त्यांच्या शेजारी उभा.

"पहले बोलो, फिर वाटी," तो म्हणाला. "आज खिचड़ी नहीं चाहिए मेरे को."

"खिचडी नाही, आज सांबारवडी हाय," मामा म्हणाले.

पहिले म्हातारे मामा पुढे झाले. "जातो. येवढी खोल विहीर खोदली, तं पाणी कोणत्या शेताले जाये ते पाहाचं हाय मले."

"शेत-बीत कुछ नहीं है वहाँ, मामाजी."

"शेत नाही तं विहीर कायले खोदली?"

"विचारून येजा," मागून आवाज आला. "अन् खड्डाच पाहाचा असल तं आपली बोडी काय वाईट हाय? फुकटात उतर."

"बोडीत सायकल राहते," मामी म्हणाली, आणि आईने तिला कोपर मारलं.

गोंदियाच्या काकू म्हणाल्या, "हम तो जाएंगे भई. फोटो अच्छा आता है वहाँ." काका म्हणाले, "मैं रुकता हूँ, वडी का सुना है." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "ठीक है, जाता हूँ," काका म्हणाले. फेटेवाले काका म्हणाले, "जाना है," आणि सवयीने वाटीही टाकली. मॅनेजरने ती गंजातून परत काढून त्यांच्या हातावर ओतली.

एकेक जण बोलत होता. रांग पुढे सरकत होती. मॅनेजर बोटांवर मोजत होता. "बाईस हो गए. गाड़ी जाएगी." गाडी जाणार होती. आता गाडीवर ढकलता येणार नव्हतं.

शेवटी आम्ही दोघी उरलो.

"आम्ही दोघी राहतो," आई म्हणाली. तिच्या हातात पहिली वाटी होती, ती तिने ओतली. दुसरी भरली. मी गंजाच्या तोंडावर हात धरला.

तांदळाचे चार दाणे माझ्या मनगटावर पडले. आईने वर पाहिलं.

"काय झालं?"

मी हात काढला नाही.

"तुले जाचं हाय?"

मी मान डोलावली. आईला एकदम खूप आनंद झाला, ते मला दिसलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मुलगी आपणहून कुठे तरी जायचं म्हणत होती. आणि लगेच दुसरं काही तरी तिच्या चेहऱ्यावर आलं, तेही मला दिसलं. तिने ताडपत्रीवरच्या बोचक्याकडे पाहिलं. मग हातातली वाटी पिशवीत रिकामी केली.

"मंग मी बी येतो," ती मॅनेजरला म्हणाली. "पोट्टी एकटी कशी जाईल? माझी टाकलेली वाटी काढ गा, मामा."

"अन् सांबारवडी?" मामी म्हणाली.

"ते तुम्ही करा. बेसनात तीळ टाकजो."

"आमच्यानं तुझ्यासारखी नाही होत बापा."

मामांनी वाटी काढायला हात घातला नाही. सगळं अंगण आमच्याकडे पाहत होतं, बसपाशी गेलेले लोकही वळले होते. आई पदराने हात पुसत होती, एकदा, दोनदा, हात कोरडे असूनही. मॅनेजर म्हणाला, "जल्दी बोलो ताई, तेईस या चौबीस?"

माझं वाक्य इंग्रजीत तयार झालं नाही. हिंदीतही नाही. आणि ते मी एवढ्या मोठ्याने बोलले की बसपाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरलाही ऐकू गेलं.

"तेवीस! मी एकटी जातो. आईचे गुडघे लय दुखून राहिले, ते नाही येत."